मल्लेश्वरीचा चौथा नंबर

बसवकल्याणच्या बसस्टँडमागं जीपगाड्यांचा थांबा आहे. तिथं मल्लेश्वरी ही एकटी बाई ड्रायव्हर. गाडी बापाची. हावगेप्पानं सगळा जन्म त्याच स्टेअरिंगवर काढला, आणि डोळे अधू झाले तेव्हा जीप विकायला काढली. तर ही पोरगी किल्ली कमरेला खोचून चुलीपुढं बसली. नवरा शेत बघतो, गाडी मी बघते, मधी कुणी पडायचं न्हाई, असं तिनं सांगून टाकलं. कोण पडतंय मधी! तेव्हापासनं थांब्यावर तिचा नंबर चौथा. तीन गाड्या भरून गेल्या की चौथी मल्लेश्वरीची, हे गावागावच्या म्हाताऱ्यांना ठाऊक.

मग श्रावणात ते झालं. गावाकडच्या लाल मातीच्या उतारावर, गाडी माणसांनी भरलेली, आणि ब्रेकचं पॅडल पायाखालनं एकदम तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. दुसरं कुणी असतं तर डोळे मिटून देवाचं नाव घेतलं असतं. हिनं गिअर खाली ओढला, हँडब्रेक खेचला आणि गाडी सरळ कुणाच्या तरी तुरीच्या रानात घातली. तूर आडवी झाली, एका म्हातारीचं कपाळ खरचटलं, बाकी सगळी धडधाकट. आता सांगा, अशा बाईच्या पाठीवर थाप मारायची का तिला बोल लावायचा?

थांब्यानं बोल लावला. बाईमाणसाचा पाय तो, ऐन वेळेला थरथरला, ब्रेकवर पडलाच न्हाई, असा निकाल चहा प्यायच्या आत लागला. नंबर लावायचं काम महादेवप्पाचं. भांडणं तोच मिटवतो, थांब्यावर त्याचा शब्द खाली पडत नाही. त्यानं तिचा नंबर काढून टाकला. गाडी चालव, पण माणसं भरायची न्हाईत, म्हणाला, लोकांच्या जिवाशी खेळ नको.

मल्लेश्वरीनं एवढंच विचारलं, "माझा पाय तुम्ही बघितला व्हता काय अण्णा?"

त्यावर तो पानाला चुना लावत बसला. हिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण थांब्यापुढं डोळ्यांतनं पाणी काढील ती मल्लेश्वरी कसली! तिनं गाडी ओढून बीदरला गफूरचाचाच्या गॅरेजात नेली आणि माझा पाय का गाडी, काय ते एकदाचं सांगा, म्हणाली.

चाचानं पुढच्या चाकाजवळचा रबरी पाइप सोडवला. पॅडल दाबलं की ब्रेकचं तेल ह्याच पाइपातनं चाकाकडं जातं. तो फुटला की मग पैलवानाचा पाय असू दे, गाडी थांबत नाही. पाइप फुटला होताच. पण चाचाला नवल वाटलं ते तो फुगला होता ह्याचं. बोटानं दाबला तर भिजलेल्या हरभऱ्यासारखा मऊ, वरनं चिकट. चाचानं वास घेतला.

"ये तो काला तेल पी को फुगा है, बेटी," तो म्हणाला.

काळं तेल म्हटल्याबरोबर मल्लेश्वरीच्या डोळ्यापुढं थांब्यावरचा दसरा उभा राहिला. खंडेनवमीला सगळ्या गाड्या धुवायच्या, हार घालायचे, चाकाखाली लिंबू चिरडायचं, आणि इंजिनातनं काढलेलं जुनं तेल डिझेलात कालवून पंपानं गाडीच्या पोटाला मारायचं. पत्र्याला गंज लागत नाही म्हणून. नाही लागत, खरंय! पण तेच तेल रबरात मुरून त्याला खात जातं, हे बघायला कुणी खाली वाकलंच नव्हतं. पंप मारायचा मान महादेवप्पाचा, त्याच्याआधी त्याच्या बापाचा. आपल्या हातानं आपलेच ब्रेक कुजवायचे आणि वरनं आरती ओवाळायची, वा रे रीत!

चाचा नवा रबरी पाइप बसवायला निघाला तर ही नको म्हणाली. रेसच्या गाड्यांना स्टीलच्या तारांनी विणलेले पाइप असतात, आतली नळी तेलाला दाद देत नाही, हे तिनं कुठंतरी ऐकलं होतं. जुन्या पाइपाचं माप घेऊन ती बसनं हैदराबादला गेली आणि तसे पाइप बनवून घेऊनच परतली. चाचानं ते बसवले, हिनं पॅडल दाबत आतली हवा काढून दिली. मग तिनं रिकामी गाडी त्याच उतारावर नेली. जिथं थांबवायची तिथं थांबली, वीतभरसुद्धा पुढं गेली नाही.

थांब्यावर हसायला निमित्तच झालं. जीपला चांदीचे पैंजण घातले, कुठली रेस लावायलीस, असं चाललं. काळ्या तेलाचं सांगायला गेली तर महादेवप्पा उसळला. स्वतःचा पाय झाकायला बापजाद्याची रीत मोडायला निघालीस काय, म्हणाला. नंबर काही दिला नाही.

खंडेनवमीला ती नवी हिरवी इरकल नेसून गाडी घेऊन आली. महादेवप्पाची जीप सगळ्यांत पुढं, त्याची बायको चंद्रम्मा आरतीचं ताट धरून उभी. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतनं घरची सगळी औरादला लेकीकडं निघायची होती. महादेवप्पानं पंप उचलला आणि मल्लेश्वरी पदर खोचून त्याच्या जीपखाली शिरली. तिथंच उताणी पडली.

"मारा आता, माझ्या अंगावर मारा. माझ्या गाडीला पायजे तेवढं मारा, तिथं स्टील हाय. पर हिच्यात चंद्रम्माक्का बसते. चाकाजवळचा पाइप एकदा हातात धरा अण्णा, मग सांगा, दोष माझ्या पायाचा का तुमच्या तेलाचा."

आधी लोक हसले. महादेवप्पानं ऊठ म्हणून दरडावलं, ती हलली नाही. मग चंद्रम्मानं ताट खाली ठेवलं.

"बघा की," ती नवऱ्याला म्हणाली. "मी बसणार हाय त्या गाडीत."

पांढऱ्या धोतरातला महादेवप्पा गुडघ्यावर बसला. हात आत घालून पाइप दाबला. पुन्हा दाबला. बोटं पाइपाला चिकटली तशी मान खाली घालून तो दुसऱ्या चाकाकडं गेला, तिथंही दाबून बघितलं. उठला तेव्हा तळहात काळा झाला होता आणि तो धोतरालाच पुसत होता. पंप बाजूला ठेवा, म्हणाला. मग मल्लेश्वरीकडं न बघता बोलला, "उद्यापासनं तुझा नंबर पयला."

ती जीपखालनं निघाली. इरकलीच्या पाठीला लाल माती लागली होती.

"पयला कामून? बक्षीस मागायला न्हाई आले मी. माझा चौथा नेला व्हता, चौथाच द्या."

त्यानं मान हलवायच्या आत तिनं गाडी चालू केली आणि ओळीत चौथ्या जागी नेऊन लावली.