कासवाचं पाणी

तिकीट बदलता येत होतं. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

२००३च्या मे महिन्यात आई आमच्याकडे ॲरिझोनात आली, सहा महिन्यांसाठी. तिथल्या आम्हा सगळ्या भारतीयांचेच आईवडील तसे यायचे. पासपोर्टवर शिक्का सहा महिन्यांचा मिळतो, म्हणून सहा महिने राहायचंच. लवकर परतणं म्हणजे मुलाच्या घरी काहीतरी बिनसलं असा अर्थ. बायकोनं त्या उन्हाळ्यात कॉलेजात कोर्स घेतला होता. सहा वर्षांच्या मुलीच्या शाळेला सुटी. आई घरात असल्यामुळे सगळं जुळत होतं.

पंधरा दिवसांत आई म्हणाली, "मला माघारी जाऊ दे रं. हितं कोंडून घातल्यागत होतंय."

"अगं, तिकीट बदलता येत नाही. नोव्हेंबरचंच आहे."

एजंटला एक फोन पुरला असता.

आई माणदेशातली. उन्हाची तिला भीती नव्हती, बंद खिडक्यांची होती. "ऊन आमच्याकडंबी हाय," ती म्हणायची, "पर आम्ही दार उघडं ठेवतो." दिवसभर एसीची घरघर, पडदे ओढलेले, रस्त्यावर चालणारं माणूस नाही. एकदा भर दुपारी ती एकटीच चालत निघाली. कुणी भल्या बाईनं तिला गाडीत घालून परत आणलं. तेव्हापासून एकटीनं बाहेर पडायचं नाही, असं मी तिला बजावलं. त्यानंतर ती बाल्कनीच्या काचेशी खुर्ची घेऊन बसायची.

जूनच्या शेवटच्या शनिवारी पहाटेच निघून मी तिला आणि मुलीला वाळवंटात घेऊन गेलो. बायकोची परीक्षा होती. चाळीस मैलांवर मोठा रस्ता सोडला, गाडी थांबवली. आई उतरली आणि दोन-तीन माणसांच्या उंचीच्या, हात वर केलेल्या सग्वारोंकडे बघत राहिली.

"आगं बया! ह्यो तर निवडुंगाचा बाप!"

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. मेस्कीटच्या झाडाला हात लावून म्हणाली, "ही आमची बाभळच की, नुसतं नाव बदलून ऱ्हायलीय." डोक्यावर तुरा असलेली तितरं पिल्लांची रांग घेऊन झुडपाखालून पळाली, तशी मुलीबरोबर तीही चार पावलं पळाली.

पुढे एक म्हातारी बाई लांब काठीनं सग्वारोच्या टोकावरची फळं पाडत होती. हे वाळवंट मुळात ज्यांचं, त्या लोकांपैकी. काठीही सग्वारोच्याच वाळलेल्या फासळ्या एकमेकींना बांधून केलेली. तिनं एक फळ फोडून आईच्या हातावर ठेवलं. लालभडक गर. आई बोटं चाटत म्हणाली, "लहानपणी फड्या निवडुंगाची बोंडं खायचो, तसंच." म्हातारीनं रिकामी साल जमिनीवर ठेवली, लाल बाजू आभाळाकडे. असं का, ते आईनं मला विचारायला लावलं.

"पाऊस यावा म्हणून," म्हातारी म्हणाली.

आईनं आपलीही साल तशीच ठेवली आणि हात जोडले.

परत गाडीकडे येताना ते दिसलं. पडलेलं फळ खात बसलेलं एक कासव, तोंड लाल झालेलं. आई उकिडवी बसली, त्याच्या पाठीला हात लावून तो हात कपाळाला लावला. "म्हादेवाच्या दारातलं हाय."

"बाबा, कॅन वी कीप हिम? प्लीज? आजीला कंपनी!"

आई नको म्हणाली. "त्येचं घर असंल हितंच कुठंतरी." पण मला मुलीचं पटलं, म्हणजे सोयीचं वाटलं. कासव असलं तर आई रमेल, माघारी जायचं काढणार नाही. मी त्याला दोन्ही हातांनी उचललं. लगेच त्यानं माझ्या शर्टावर पाण्याची धार सोडली. बराच वेळ. मुलगी खिदळली, "बाबा, इट पीड ऑन यू!" मीही हसलो.

सोमवारी लायब्ररीत पुस्तक पाहिलं. वाळवंटातलं कासव लघवीच्या पिशवीत पाणी साठवून ठेवतं, त्यावर कोरडे महिने काढतं. कुणी उचललं की घाबरून ते पाणी सोडून देतं, आणि मग तहानेनं मरू शकतं. पुढच्याच पानावर होतं की रानातलं कासव उचलणं हा गुन्हा आहे. मी पुस्तक मिटलं. वन्यजीव खात्याचा नंबर फिरवला आणि पलीकडून "हॅलो" येताच ठेवून दिला. आमच्या ग्रीन कार्डची फाईल तेव्हा कुठंतरी पडून होती. साधं स्पीडिंगचं तिकीट मिळालं तरी आम्ही वकिलाला विचारायचो.

बाल्कनीत आईनं परातीत पाणी ठेवलं. कासव प्यायलं नाही. दिवसभर एकाच कोपऱ्यात भिंत खरवडत राहिलं. आई काचेशी बसून ते ऐकायची.

बुधवारी ती म्हणाली, "त्येला सोडून ये. हुतं तिथंच सोड. त्येला वाट ठावी असती."

गुरुवारी ऑफिसच्या आधी निघालो. त्या वळणावर खात्याची गाडी उभी होती. मी वेग कमी न करता पुढे गेलो, पाच-सहा मैलांवरून फिरून परत आलो. ती अजून उभीच. शेवटी शहराजवळ नव्या घरांच्या पाट्या लागलेल्या माळावर, एका कोरड्या ओढ्याच्या काठी त्याला ठेवलं. ते हललं नाही. साडेआठ वाजले होते, ऊन चढत होतं. मी गाडीत बसलो.

"तिथंच सोडलंस न्हवं?" आईनं संध्याकाळी विचारलं.

"हो."

त्यानंतर आईनं माघारी जायचं नाव काढलं नाही. नोव्हेंबरपर्यंत राहिली, मुलीला सांभाळलं, पोळ्या करून फ्रीजरमध्ये ठेवून गेली. दोन वर्षांत त्या माळावर घरं झाली. ऑफिसचा रस्ता तिथूनच जायचा.

२००७ साली एका रविवारी फोनवर आई मध्येच म्हणाली, "तवा तिकीट बदलता येत हुतं, व्हय ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अरं, तुमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची आई महिनाभर आधी गेली की, तिकीट बदलून. मला तवाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करायचं हुतं? सूनबाईची परीक्षा बुडाली असती. आन तू तोंड पाडून बसला असतास." ती हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्ये जाऊ दे. कासव तेवढं तिथंच सोडलंस न्हवं? मला लई दिस वाटतंय, पुन्हा एकदा इचारावं."

तिनं दार उघडून दिलं होतं. एका खोट्याची माफी देऊन झाली होती, दुसऱ्याची मागायची होती फक्त.

"हो आई. तिथंच."

"मग झालं," ती म्हणाली. "त्येच्या जिवाला घोर नगं."

त्यानंतर ती वर्षभर होती. दर रविवारी आम्ही बोललो, पावसाचं, गुडघ्यांचं, नातीच्या शाळेचं. ते सगळे रविवार माझ्या हातात होते.