ललिताची चारठाण्याची सहल

ललिता गेल्याचं तिच्या धाकट्या भावानं, मिलिंदनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी परभणीच्या बसस्थानकावर उभी होते. "सकाळी उठवायला गेलो, तर ताई उठल्याच न्हाईत," एवढंच तो बोलला. फलाटावर गंगाखेडची गाडी लागत होती, लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते, आणि मी तशीच उभी राहिले... रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की हिच्या दुखण्याचं नाव शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नाही; पण ते कळेपर्यंत जगणं लांबणीवर टाकायला ही काही तयार झाली नाही. त्याला आता दीड महिना होत आला.

पोखर्णीच्या रस्त्यावरल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, आम्ही दोघींनी बरीच वर्षं बरोबर शिकवलं. मी गणित, ती इतिहास. छप्पन सालच्या दीक्षेनंतर तिच्या आजोबांनी घरात पहिली वस्तू आणली ती पुस्तकांचं कपाट, हे ती फार अभिमानानं सांगायची. लग्न केलं नाही, भाऊ-भावजयीबरोबर राहिली. चालायची अशी, की पोरांना तिच्यामागं पळावं लागे. दर हिवाळ्यात चारठाण्याची जुनी देवळं दाखवायला ती सहल काढायची, आणि अशाच एका सहलीत चौथऱ्यावर चढताना ती एकदम थांबली. ओठ निळसर पडलेले. दगडावर टेकली, थोड्या वेळात सावरली आणि म्हणाली, "कुणाला सांगू नकोस गं, ऊन लागलं असंल." पण डिसेंबरात कसलं ऊन?

कोरोनानंतर बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घरोघरी आलं होतं. बसल्या जागी तिचा आकडा शहाण्णव दाखवायचा. स्वयंपाकघरातून फाटकापर्यंत गेली, की चौऱ्याऐंशी. मग परभणी झालं, नांदेड झालं, संभाजीनगर झालं. फुप्फुस स्वच्छ, हृदय ठीक, रक्त ठीक. एक डॉक्टर म्हणाले, नखाला रंग असेल, म्हणून यंत्र चुकत असेल. दुसरे म्हणाले, मनावर घेऊ नका. त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडताना ती माझा हात धरून म्हणाली, "रिपोर्ट चांगले आले की लोक पेढे वाटतात. मला रडायला यायलंय." मी तिला इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तिनं दीर्घ रजा टाकली. भावजय, सविता, जीव लावणारी. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यायची. "ताई, तुमी बसा. आमी हाव ना," हे तिचं पालुपद. काही महिने ललिता खरंच बसली, आणि बसल्या बसल्या दिसेनाशी होत गेली. वर्तमानपत्र उघडायची नाही, शाळेतलं काही विचारायची नाही. एकदा मी गेले तर म्हणाली, "मी घरातलं सामान झाले बघ. झाडताना उचलून बाजूला ठेवायचं, एवढंच राहिलंय."

तिला उठवलं नांदेडच्या एका व्यायामोपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी. त्या सरळ म्हणाल्या, "कारण मलाही माहीत नाही. शोध चालू ठेवू. पण तोवर तुम्ही बसून का राहायचं?" बशीतला चहा फुंकतो तसा ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा, आकडा घसरायच्या आत थांबायचं, चढ असेल तर खांद्याला छोटा सिलेंडर आणि नाकाला नळी... हे सगळं त्यांनी तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. पहिल्यांदा नळी लावून गावातून निघाली तेव्हा बाया दारात येऊन बघायला लागल्या. ललिता विजेच्या पहिल्या खांबापाशी थांबली आणि त्यांनाच म्हणाली, "बघायलाव काय? या, जवळून बघा. हवा हाय नुसती." बाया हसल्या, एकीनं बसायला पाट आणला. पुढं शिंपीकाम करणारे चाचा दुकानाबाहेर स्टूलच ठेवायला लागले. "बाई, जरा दम लेके जाव," म्हणायचे. वर्ष सरता सरता ती शाळेत हजर झाली, आणि आल्या आल्या सहलीचा विषय काढला.

मुख्याध्यापक घाबरले. "बाई, तिथं काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"माझी," ती म्हणाली. "पोरांची तुम्ही घ्या. माझी मी घेते."

त्यांनी तिचं नळी लावलेलं तोंड क्षणभर पाहिलं आणि सही केली, पण मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही त्यांच्याजवळून हलू नका." भीती मलाही होतीच. एसटीतून उतरल्यापासून माझी नजर तिच्या ओठांच्या रंगावर. ती मात्र दहा पावलं चालायची, थांबायची, आणि थांबली की पोरांना गोळा करायची. "या खांबावर काय काय दिसतंय, सांगा. मी दम घेते, तुमी बघा." याआधी तिच्याच चालीनं आम्ही ती देवळं भराभर उरकायचो. या वेळी पोरांना दगडातल्या हत्तींची रांग दिसली, नर्तकीच्या पायातले वाळे दिसले. एक हत्ती मागं वळून बघतोय, हे एका मुलीनं शोधून काढलं. ललिता पुढं निघाली तशी तीच मुलगी ओरडली, "बाई, अजून थांबा ना!"

ललितानं माझ्याकडं पाहिलं. डोळे भरलेले, आणि तोंडभर हसू.

ज्या चौथऱ्यावर तिची वाट अडली होती, तो ती चढली. सावकाश, पायरीपायरीला थांबत, पण कुणाचा हात न धरता. वर पोहोचून बोटाला यंत्र लावलं आणि पोरांना दाखवलं. एक्याण्णव! पोरांनी परीक्षेत पहिला नंबर आल्यासारख्या टाळ्या पिटल्या. सोबत आलेल्या मुख्याध्यापकांनीही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत तिनं एकही सहल चुकवली नाही. कधी ताप यायचा, कधी आठवडाभर अंथरूण धरायची, कारण तर कधीच सापडलं नाही... पण सामान ती पुन्हा झाली नाही. चौथरा चढली त्या दिवशी परतीच्या गाडीत पोरं एकमेकांच्या खांद्यावर झोपलेली असताना ती मला म्हणाली, "पुढच्या साली गंगाखेडला गोदावरीचा घाट करू."

मी म्हटलं, "अगं, उतरशील, पण वर कशी येशील?"

"येईन की. तुला कुठं घाई हाय?"

पुढच्या हिवाळ्यात आम्ही घाट केला. पाण्यात पाय सोडून बसलो, पोरांनी एकमेकांना भिजवलं. मग सगळे वर गेले, मीही गेले, आणि वरून खाली पाहिलं. पदर खोचलेली ललिता एका पायरीवर उभी होती, नदीकडं तोंड करून, निवांत. दम घेऊन झाला तशी ती वळली आणि पुढची पायरी चढली.