तिरल्याच्या तळ्यावरून सुटलेला जिताडा

तळ्याच्या मालकाला मी सलग अकरा दिवस फोन करून पाण्याचं तापमान विचारलं. जिताडा हा खाडीचा मासा, उबदार पाण्याचा. माळव्याच्या थंडीत तो तोंड उघडत नाही. सकाळचं पाणी सव्वीस अंशांवर आलं तेव्हा मार्चमधला रविवार ठरवला आणि दोन गळांची जागा धरली, एक माझी, एक मुक्ताची. दोन दिवसांनी मुक्ताने परस्पर तिसरी वाढवली.

मुक्ता आणि मी देवासला एका वर्गात शिकलो. सात वर्षं एकत्र गळ टाकतोय, बहुतेक वेळा रोहू-कटल्यासाठी. आमचा एक नेम आहे: एकीच्या गळाला मासा लागला की दुसरी आपला गळ गुंडाळते आणि जाळी धरते. तिसरीसाठी त्यात काम नाही.

तिसरी म्हणजे अन्विता. मूळची पेणची, मुक्ताच्या ऑफिसात चार महिन्यांपूर्वी आलेली. या चार महिन्यांत मुक्ता ‘चाय पिऊन घे’ऐवजी ‘चहा घे’ म्हणायला लागली आहे. मी टोकलं नाही. नोंद घेतली.

पाचला देवास सोडलं. गाडी मुक्ताची. पुढची सीट नेहमी माझी असते, पण अन्विताला गाडी लागते म्हणून मी मागे बसले, गळांच्या पिशव्यांशेजारी. इंदूरच्या बाहेरून वळसा घेतला तर धारपर्यंत रस्ता उत्तम आहे, फक्त गव्हाच्या कापणीचे दिवस असल्याने हार्वेस्टर अर्धा रस्ता अडवून चालतात. बेटम्याला पोहे आणि जिलबी खाल्ली. पोह्यांवर शेव पाहून अन्विता म्हणाली, “एवढी?” मुक्ता इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही सातवीत हेच म्हणाले होते, रतलामच्या एका लग्नात. तेव्हा ती हसली नव्हती.

धार ओलांडून तिरल्याच्या पुढे कच्च्या रस्त्याने दोनेक किलोमीटर गेलं की तळं येतं. लहान गाडीही जाते. अर्ध्या दिवसाचे एका गळाला आठशे रुपये, आणि मासा पकडून, फोटो काढून सोडायचा. मालकाने समुद्रकिनाऱ्यावरून पिल्लं आणून सोडलीत. गोड्या पाण्यात ती वाढतात, पण त्यांची वीण होत नाही, म्हणून प्रत्येक मासा तो मोजून ठेवल्यासारखा सांभाळतो.

“हुक सीधी करके छोड़ना भिया, खींचना मत,” त्याने तिघींनाही सांगितलं. इकडे बायकांनाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणतात, अन्विताला त्याची मजा वाटली.

जाणाऱ्यांसाठी महत्त्वाची गोष्ट इथे लिहिते. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण सुरीसारखं धारदार असतं आणि ओठ कानशीसारखे खरखरीत. त्यामुळे दोरीच्या टोकाला हातभर जाड, वेगळी दोरी जोडतात, तिला लीडर म्हणतात. प्रत्येक मासा सोडल्यावर लीडर बोटांतून ओढून पाहायचा. कुठे खरखर लागली तर तेवढा भाग कापून गाठ नव्याने बांधायची. दोन मिनिटांचं काम आहे.

आठ पन्नासला पहिला मासा लागला, अन्विताला. दोन किलोच्या आतला, चांदीसारखा, पाण्याबाहेर डोकं झटकत आला. मुक्ता माझी जाळी घेऊन धावली. माझा गळ तेव्हा पाण्यात होता आणि मी तो तसाच ठेवला. अन्विताने पेणला वडिलांना फोटो पाठवला. आयुष्यभर खाडीत जाळी टाकलेले ते गृहस्थ आता गुडघ्यांमुळे घरात बसून असतात. उत्तर लगेच आलं. तिने मोठ्याने वाचलं, “बाळ आहे. याची आई बघ.”

सव्वानऊला ती माझ्याकडे आली. “नीरूताई, हा लीडर ठीक आहे का गं? मला कळत नाही यातलं.”

मी दोरी बोटांतून ओढली. गळापासून वीतभर वर खरखर होती, उघड्या डोळ्यांनी दिसेल इतकी. मी गिअर बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम करते. असा तुकडा मी दिवसातून दहा वेळा बाजूला टाकते.

मी दोरी तिच्या हातात परत दिली.

“काय म्हणाली?” मुक्ताने लांबून विचारलं.

“काहीच नाही,” अन्विता म्हणाली.

“मग पास आहे! नीरू काही बोलली नाही म्हणजे पास. चल, टाक.”

हे खरं आहे. सात वर्षं हेच चाललंय. चुकलं तर मी बोलते, बरोबर असेल तर गप्प राहते. बोलायला तेव्हाही वेळ होता. अन्विता तिच्या जागी परत जाईपर्यंत मी तिच्या पाठीकडे पाहत होते.

पंचवीस मिनिटांनी तिची दोरी एकदम सरळ झाली आणि रीळ किंचाळलं. मुक्ताने जाळी उचलली, दुसऱ्या हाताने पेणला व्हिडिओ कॉल लावला. “काका, बघताय ना? याची आई आली!” मासा दोनदा पूर्ण हवेत आला. फोनमधून वडिलांचा आवाज माझ्यापर्यंत पोचत होता, “ढील दे! ढील दे, पोरी!” ती देत होती. बरोबर देत होती.

तिसऱ्या उडीला दोरी तुटली.

“अरे भिया!” मालक कपाळाला हात लावून म्हणाला. “चार किलो से कम नी थी.”

अन्विताने फोन घेतला. “बाबा, सुटला. माझंच चुकलं, जास्त ताणलं मी.” मग माझ्याकडे पाहून कसंबसं हसली. मी म्हणाले, “होतं असं.” गळ माशाच्या तोंडातच राहिला होता.

अकराला मला एक मासा लागला, दीड किलोचा. मुक्ता जाळी घेऊन वेळेवर आली. मी फोटो काढला नाही. परतताना धारला दाल-बाफले, म्हणजे डाळीबरोबर कणकेचे भाजलेले गोळे, खाल्ले, तूप जास्त होतं, चव चांगली. अन्विता गाडीत झोपली, डोकं खिडकीला टेकून. मुक्ताने गाणी बंद केली, तिची झोप मोडू नये म्हणून.

तुटलेल्या लीडरचं टोक माझ्या डब्यात आलं होतं, सामान आवरताना मीच उचललेलं. सोमवारी कारखान्यात मायक्रोमीटरने मोजलं. मूळ जाडी शून्य पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर. तुटलेल्या टोकाशी जेमतेम निम्मी. जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोटो दोघींना पाठवला आणि खाली लिहिलं: मी हे सव्वानऊला पाहिलं होतं. बोलले नाही.

अन्विताने पाहिल्याची निळी खूण आली. मुक्ताचा संध्याकाळी फोन आला.

“तू पास म्हटलंस.”

“मी काहीच म्हटलं नाही.”

“नीरू.”

“हो. म्हटलं.”

मागे तिच्या घरची कुकरची शिट्टी ऐकू आली.

“एप्रिलमध्ये परत जायचं ठरवतोय,” ती म्हणाली. “तिचे बाबा येणार आहेत. तू ये. तिला गाठ शिकव, नीट, तोंडाने बोलून.”

“आणि जाळी?”

“ते तिथे बघू. आणि ऐक, त्या दिवशी तुझा लीडर मी तपासणार.”

मी नवा लीडर बांधून ठेवला आहे. गाठ तीनदा तपासली. चौथ्यांदा मुक्ता तपासेल.