उशिराची होडी

कंपनीने बंद केलेला ऑनलाइन खेळ ऑस्ट्रेलियातल्या व्हायल्ला गावच्या नोएलीनबाईंनी निवृत्तीनंतर तीन वर्षं खपून घरच्या संगणकावर पुन्हा सुरू केला. त्यातली खेळाडूंची ने-आण करणारी होडी पूर्वी एका चुकीमुळे कायम दहा मिनिटं उशिरा यायची. बाईंनी तीही चूक काढून टाकली.

पहिल्याच दिवशी त्यांच्यासोबत पूर्वी खेळणाऱ्या होबार्टच्या मर्व्हने खेळातूनच लिहिलं, "अगं, होडी वेळेवर आली!"

"मग आभार मान की!"

"कसले आभार? धक्क्यावर थांबायचो म्हणून तर बोलणं व्हायचं. बायको गेली तेव्हा तिथंच तुझ्यापाशी रडलो होतो."

"डोळे फोडून मी चूक काढली, आणि याला उशीर हवाय!" असं पुटपुटत बाईंनी चूक परत घातली आणि खेळातल्या धक्क्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

मर्व्ह आला. "होडी कुठाय?"

"येईल रे सावकाश. तू जेवलास का?"