श्रीरंगचं टर्की सँडविच

सँडविच करताना श्रीरंग नाकातोंडावर रुमाल बांधायचा, बँक लुटायला निघाल्यासारखा. हातात पातळ प्लॅस्टिकचे मोजे. चिमट्याने टर्कीचा एकेक काप उचलायचा आणि श्वास रोखून ब्रेडवर ठेवायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, मेलेली आहे ती, चावणार नाही." म्हटलं आणि माझी मीच जीभ चावली, कारण त्या घरात तो शब्द काढायची ती वेळ नव्हती. पण श्रीरंग नुसतं "हो वहिनी" म्हणाला आणि त्याने पुढचा काप उचलला. पूर्वीचा श्रीरंग असता तर मला तिथल्या तिथे उलट टोला मिळाला असता.

श्रीरंग आमचा मागचा शेजारी. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. मध्ये कुंपण नाही, नुसतं गवत, आणि नोव्हेंबरपासून नुसता बर्फ. माझा नवरा विक्रम आणि तो एकाच इन्शुरन्स कंपनीत कॉम्प्युटरच्या कामाला, म्हणून मी त्याची वहिनी. श्रीरंग मूळचा सांगलीचा. ज्या घरात केकसुद्धा 'अंडं नाही ना?' असं तीनदा विचारून आणतात, त्या घरातला. आणि बायको केली मालवणची! अबोलीला मासळीशिवाय रविवार माहीत नव्हता. कॉलेजात दोघांचं जमलं तेव्हा सांगलीकरांनी बरेच दिवस तोंड फिरवलं, मग नाइलाजाने अक्षता टाकल्या.

इथे आल्यावर अबोलीने स्वतःच वाटणी करून टाकली. तिचा तवा वेगळा, सुरी वेगळी, फ्रिजमधला खालचा कप्पा वेगळा. श्रीरंग त्या कप्प्याकडे बघायचासुद्धा नाही. त्यांची मुलगी अनन्या मात्र आईच्या वळणावर गेली. शाळेतून आली की तिला गरम टर्की-चीज सँडविच लागायचं. जीव की प्राण. अबोली ऑफिसातून लवकर निघून यायची ती त्यासाठीच.

२००५च्या ऑक्टोबरात अबोली ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये कोसळली. मेंदूत रक्तस्राव. विक्रम श्रीरंगला घेऊन हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अनन्या तेव्हा चौथीत होती.

लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे हो. कसला धीर! माणूस जागेवरच नव्हता. ऑफिसला जायचा, गाडी चालवायचा, बिलं भरायचा, पण आपण काही बोललो की उत्तर एकच, बरं. श्रीरंग, कोट घाल. बरं. श्रीरंग, दोन घास खा. बरं. एकदा वैतागून मी म्हटलं, "जा, विहिरीत उडी मार." त्यालाही बरं म्हणाला. मला राग यायचा त्याचा. दुःख झालेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागवायचे.

दिवसकार्य आटोपून सांगलीची माणसं परत गेली, आणि एका संध्याकाळी त्याचा फोन आला. "वहिनी, जरा येता? हे कापायचं कसं?"

गेले तर ओट्यावर आख्खी टर्की. गोठलेली, पोरीपेक्षा थोडीच लहान. थँक्सगिव्हिंगचे दिवस, इथे घरोघरी टर्की भाजायचा सण, दुकानात टर्कीचे ढीग लागलेले. याला वाटलं, सँडविचमधले काप आपले घरीच काढायचे असतात, काकडीचे काढतो तसे. हातात भाजीची सुरी, आणि समोर तो दगड. आयुष्यात मांसाला हात न लावलेला माणूसच ही चूक करू शकतो. मी पोट धरून हसले, आणि हसता हसता रडायला लागले. त्याने मात्र सुरी खाली ठेवली आणि म्हणाला, "अनन्याला सँडविच करून देणार होतो."

दुसऱ्या दिवशी मी त्याला सुपरमार्केटच्या डेली काउंटरवर नेलं. तिथे भाजलेली टर्की तुमच्यासमोर मशीनवर पातळ कापून देतात हे त्याला तेव्हा कळलं. मग घरी येऊन शिकवणी. मी नागपूरची, सावजी रस्सा खाऊन वाढलेली, मला कसली आलीय किळस. लोणी ब्रेडला बाहेरून लावायचं. आच मंद. आधी चीज, मग टर्की, मग पुन्हा चीज, म्हणजे दोन्हीकडून धरून राहतं. वर झाकण. खालची बाजू सोनेरी झाली की उलटायचं आणि कालथ्याने दाबायचं. तो सगळं ऐकत होता, अबोलीच्या तव्याकडे बघत होता. त्याला तो तवा कुठल्या कपाटात असतो तेसुद्धा माहीत नव्हतं.

पण शिकला. रोज ऑफिसातून आला की रुमाल बांधून उभा राहायचा. जाता-येता मी कधी डोकावले तर ऐकू यायचं, "अनन्या, चीज एक का दोन? कडा कापू?" ताटली तिच्यासमोर ठेवली की कोट चढवून थेट गराजमध्ये. वास सहन व्हायचा नाही त्याला. बाहेर नाकातले केस गोठतील अशी थंडी, आणि हा गराजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा. तिचं खाऊन झालं की आत यायचा, रिकामी ताटली बघायचा, तवा घासायचा आणि स्वतः उभ्या उभ्या दहीभात खायचा. दिवसभरात त्याने मनापासून केलेलं काम ते एवढंच.

फेब्रुवारीत अनन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुलीचं वजन उतरलंय. मलाही दिसत होतंच. गळ्याची हाडं वर आली होती. माझ्याकडे वरणभात चिवडायची, तोही माझ्या भीतीने. बातमी सांगलीला गेली आणि श्रीरंगची मोठी बहीण वीणा, तिचा फोन आला. वीणाताई शाळेत मुख्याध्यापिका. तिने निकाल देऊन टाकला. पोरगी वाळत चाललीय, तू असा बधिर, जूनमध्ये शाळा सुटली की मी येते आणि तिला इकडे घेऊन जाते, इथेच शिकेल.

श्रीरंग म्हणाला, बरं.

मी तडक त्याच्या घरी गेले. "तू बाप आहेस की पोस्टमन? पोरगी म्हणजे काय पार्सल आहे?"

"वहिनी, रोज सँडविच खाते ती. ताटलीत कण ठेवत नाही. तरी अंगाला लागत नाही. म्हणजे माझ्याच हातात काहीतरी कमी आहे." मग म्हणाला, "ती जाणार म्हणून मला वाईट वाटायला हवं ना? वाटत नाही. काहीच वाटत नाही मला. अशा माणसाजवळ मूल कशाला ठेवायचं?"

मी घरी येऊन विक्रमवर ओरडले, त्याचा काही संबंध नसताना. तिकडे वीणाताईने तिकिटं बुक केली. अनन्याला सांगितलं तेव्हा तिने मान हलवून "ओके" म्हटलं. बापाचीच लेक.

एप्रिलात बर्फ वितळायला लागला. एका शनिवारी सकाळी खिडकीतून पाहिलं तर श्रीरंगच्या स्वयंपाकघराबाहेरच्या लाकडी डेकखाली कावळ्यांची ही गर्दी. कावळे बघून आपल्या माणसाच्या मनात जे यायचं ते आलंच, पण मी ते झटकलं. खार वगैरे मेली असेल म्हणून काठी घेऊन हाकलायला गेले. डेकखाली सावलीत बर्फाचा मळकट ढीग उरला होता आणि त्यातून ब्रेड वर येत होता. फुगलेला, ओला. एकाखाली एक, एकाखाली एक, सगळा हिवाळा तिथे पुरलेला. काहींवर कालथ्याने दाबल्याच्या रेघा अजून दिसत होत्या.

मी श्रीरंगला हाक मारली. तो चपला घालूनच चिखलात उतरला, उकिडवा बसला आणि त्याने एक सँडविच उचललं. उघड्या हाताने. टर्की बोटांना लागत होती, त्याच्या लक्षातही आलं नाही.

वर डेकवर दार सरकलं. अनन्या पायजम्यात उभी होती. खाली बघून तिला सगळं कळलं.

"तू टाकलंस?" मी विचारलं.

तिने होकाराची मान हलवली.

"माझ्या हातचं आवडत नाही?" श्रीरंगने विचारलं.

"आय डोन्ट नो. मी खाल्लंच नाही कधी." ती कठड्याला धरून म्हणाली, "मी ते सोडलंय. आईसाठी."

आता हे बाहेरच्याला सांगायला हवं. श्रीरंगच्या घरी एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की तेराव्याला त्याच्या नावाने आपल्या आवडीचं एक खाणं सोडायचं, वर्षश्राद्धापर्यंत. गुरुजींनी त्या दिवशी एकेकाला विचारलं. वीणाताईने आंबा सोडला. श्रीरंगने चहा सोडला, आणि श्रीरंगचा चहा म्हणजे उठल्यापासून झोपेपर्यंत. पोरीला कोण विचारतंय? ती जिन्याच्या पायरीवर बसून बघत होती. तिने मनातल्या मनात आपलं आपण सोडलं.

"अगं मग सांगायचं ना बाबाला!" मी खेकसलेच. "तो बिचारा रोज नाक बांधून उभा!"

"सांगितलं असतं तर त्याने बनवायचं स्टॉप केलं असतं." ती माझ्याशीच बोलत होती, त्याच्याकडे न बघता. "तो तेव्हाच माझ्याशी बोलतो, काकू. चीज एक का दोन. कडा कापू का. बाकी ही डझन्ट टॉक."

मी हातातली काठी खाली टाकली.

श्रीरंगने हातातलं सँडविच खाली ठेवलं. मग उठला, हात पँटला पुसले आणि वर गेला. मीही गेले. त्याने तवा ठेवला, लोणी काढलं, सँडविच केलं. रुमाल नाही, मोजे नाहीत. ताटली तिच्यासमोर ठेवली आणि या वेळी गराजकडे न जाता समोरची खुर्ची ओढून बसला.

"खा."

"पण वर्ष नाही झालं."

"आई रागावणार नाही."

"हाऊ डू यू नो? तू पण चहा पीत नाहीस ना." तिने ताटली हळूच पुढे सारली. "यू फर्स्ट, बाबा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कपाट उघडून चहाचा डबा शोधून त्याच्या हातात दिला, एवढंच. त्याने आधण ठेवलं. पावडर जुनी झाली होती, तरी वास घरभर पसरला आणि ते घर थोडा वेळ पूर्वीसारखं झालं. मला ते सोसवेना. त्याने कप तोंडाला लावला, एक घोट घेतला, दुसरा घेतला. ती डोळे बारीक करून नीट बघत होती, गिळतोय की नाही ते.

मग तिने सँडविचचा घास घेतला. बराच वेळ चावत राहिली.

"इट्स नॉट गुड," ती म्हणाली. "आई आतमध्ये अ‍ॅपल घालायची. एकदम पातळ. आणि लोणच्याचा खार, थोडासाच."

"मला माहीत नव्हतं."

"तू कधी बघितलंच नाहीस."

"नाही बघितलं," तो म्हणाला. "तू दाखवशील?"

"उद्या. अ‍ॅपल नाहीयेत." आणि तिने पुढचा घास घेतला. चांगलं नव्हतं, तरी खात होती. भूक लागली असणार, सहा महिन्यांची.

श्रीरंगने फोन उचलला आणि तिथेच, टेबलापाशी उभं राहून सांगलीला लावला. तिकडे रात्रीची जेवणं झाली असतील. "ताई, तू ये. पण अनन्याला न्यायला नको येऊस," तो म्हणाला. वीणाताईचा मुख्याध्यापिकेचा आवाज मला ओट्यापर्यंत ऐकू येत होता. अरे, पोरीच्या भल्याचा तरी विचार कर, तिकिटं काढली आहेत, तुझ्याने होणार आहे का.

"तिच्या भल्याचं मला कळत नाही, ताई." त्याचा आवाज मध्येच फाटला. त्याने टेबलाची कड घट्ट धरली. "मला ती इथे हवी आहे. ऐकतेस ना? मला हवी आहे."

अनन्या चावायची थांबली होती.