आमच्या गल्लीचं रक्त

"हे निरोगी माणसांचे नमुने कुठून आणलेस?"

"कबनूरमधून, सर."

सरांनी चष्मा काढला. कागदावर गावाचं नाव होतं, खाली माझं नाव होतं. दोन्हींकडं त्यांनी सावकाश बघितलं. मग टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणजे तुमच्या मोहल्ल्यातले. ह्यांना निरोगी धरायचं? चुलत-मावस भावंडांत लग्नं करणारी माणसं तुम्ही. असलं रक्त मापाला लावलं तर मापच नासेल."

आधी एकजण हसला. मग सगळे हसले. बाहेरून दोन पाहुणे आलेले होते, त्यांतल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या समोरच्या कागदाकडं बघत राहिल्या.

"टाकून दे ते," सर म्हणाले. "पुढच्या वेळी जरा चांगल्या घरांतले आण."

"बरं, सर," मी म्हणाले.

ते 'बरं' माझ्याच तोंडातून निघालं. कुणी काढायला लावलं नव्हतं. दोन वर्षं मी त्या जनुकशास्त्र विभागात काम करत होते. एम.एस्सी.ला पहिली आलेली. कबनूरच्या यंत्रमाग कामगाराची मुलगी. आणि माझ्या माणसांना कचऱ्यात टाकायला सांगितल्यावर मी बरं म्हणाले.

काम काय होतं ते सांगते. माणसाची सगळी जनुकं म्हणजे लांबच लांब मजकूर. प्रत्येकाच्या मजकुरात हजारो अक्षरं इकडची तिकडं झालेली असतात. तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत. बहुतेक बदल काही करत नाहीत. एखादाच आजार आणतो. तो कुठला, हे ओळखायचं आमचं काम. ओळखायची एक साधी कसोटी आहे. बदल ठणठणीत माणसांतही सर्रास सापडला, तर तो बिचारा निर्दोष. पण त्यासाठी ठणठणीत माणसांची यादी लागते. जगात मोठाल्या याद्या आहेत. त्यांत आमच्याकडची माणसं जवळजवळ नाहीतच. त्यामुळं आमच्यात घरोघर असणारा बदलही तिथं शोधला की सापडत नाही. सापडत नाही म्हणजे दुर्मीळ. दुर्मीळ म्हणजे संशयित. असा हिशेब लागतो.

म्हणून मी आमच्या गल्लीत गेले होते. सरांची परवानगी घेऊन. परवानगी देताना त्यांनी गाव विचारलं नव्हतं.

शुक्रवारी माग बंद असतात. अब्बा माझ्यापुढं दारोदार हिंडले. मी प्रत्येकाला मराठीत समजावलं, रक्त कशाला, नाव कसं झाकलं जाणार, नको असेल तर नको म्हणा. शेजारच्या, मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या हलिमाखालांनी विचारलं, "मला काय रोग हाय व्हय गं?" मी म्हटलं, "नाही खाला, काही नाही म्हणूनच पाहिजे." त्या खूश झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडं धडधाकट माणूस म्हणून आलं होतं. आमच्या गल्लीत निम्मी घरं हिंदू आहेत. त्यांनीही हात पुढं केले. यादीत मात्र कुणाचं नाव नव्हतं, फक्त क्रमांक होते. सरांनी गावाच्या आणि माझ्या नावावरून सगळ्यांची जात, धर्म आणि लग्नं ओळखली. क्रमांक एक मी होते. सुरुवात आपल्यापासून करावी म्हणून मीच आधी सुई टोचून घेतली होती.

आता सरांना ते नमुने का नको होते, ते ऐका.

त्या बैठकीच्या सहा महिने आधी रूपाली नावाची बाई आमच्याकडं आली होती. माहेर कोडोलीचं. कडेवर चार वर्षांची पोरगी. पोरीला तान्ही असल्यापासून फिट्स यायच्या. आमच्या विभागानं पोरीची आणि आईबापांची तपासणी केली होती. तिच्या हातात आमचाच अहवाल होता, घामानं मऊ झालेला.

"ताई, ह्यात माझं नाव कुठं लिवलंय?" तिनं विचारलं.

"नाव नाही. 'बदल आईकडून आलेला' असं आहे."

"आणि फुडं?"

पुढं लिहिलं होतं, आजाराला कारणीभूत असण्याची दाट शक्यता. मी वाचून दाखवलं.

"सासूनं वाचून घेतलंय कुणाकडनं तरी," ती म्हणाली. "म्हणती, डागदरांनीच लिवून दिलंय, खोट हिच्यात हाय. मला माहेरी घालवलीया. त्येंच्यासाठी दुसरी बघाय लागल्यात."

तिची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. रूपालीचं लग्न आतेभावाशी झालेलं. आमच्याकडं नात्यात लग्न झालं की त्याचा रोग होतो. त्यांच्याकडं झालं की ती रीत असते. सरांनी तिला ह्याबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं. मोहल्ला फक्त माझाच निघाला.

आणि ह्याच बदलावर सरांचा लेख तयार होता. नवा आजारकारक बदल सापडला, म्हणून. फक्त निरोगी माणसांशी तुलना तेवढी राहिली होती. ती मी केली. गल्लीतल्या कितीतरी जणांत तोच बदल निघाला. दोघांत तर आई आणि बाप, दोघांकडून आलेला. म्हणजे दुप्पट. त्या दोघांनाही कधी फिट आलेली नाही. नात्यातल्या लग्नांमुळं तो असा दुप्पट आला असेल, तर उलट पुरावा आणखी घट्ट झाला. हे सरांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना चांगलंच कळत होतं.

बैठक झाली त्या दिवशी दुपारी मी सरळ कबनूरची बस धरली. अब्बांची पाळी नुकती सुटली होती. कारखान्यासमोरच्या गाड्यावर ते चहा घेत होते. केसांत कापसाची भुकटी. घरात आम्ही दखनी बोलतो, गाड्यावर चारचौघांत ते मराठीत बोलतात.

"काय म्हणाले सर? लागलं न्हवं आमचं रक्त कामाला?"

मी खांद्यावरची पिशवी उतरवली. त्यांनी पुन्हा विचारलं. मग सांगितलं, जसंच्या तसं. मोहल्ला, चुलत-मावस, नासेल, टाकून दे. शेजारी त्यांच्या बरोबरीचे कामगार बसले होते. त्यांतल्या दोघांनी रक्त दिलेलं.

अब्बांनी ग्लास खाली ठेवला.

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. बरं म्हणाले."

"मग ते खरंच झालं की," अब्बा म्हणाले.

ते उठून गेले. रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी तिथंच बसून राहिले. लहानपणापासून मी ऐकत आलेय, तुम्ही वाटत नाही हो कबनूरच्या. मराठी किती स्वच्छ बोलता. मी हसायचे. मला ते कौतुक वाटायचं. एकेका हसण्यानं मी गल्लीपासून एकेक पाऊल लांब गेले होते. गल्ली मात्र मी मागितल्याबरोबर बाह्या वर करून बसली होती. त्या गाड्यावर माझी मला लाज वाटली. सरांनी केलेल्या अपमानाची नव्हे. माझ्या 'बरं'ची.

आठवड्यानं सरांनी केबिनमध्ये बोलावलं. एक कागद पुढं सरकवला. त्यात लिहिलं होतं, कबनूरचे नमुने दर्जा चांगला नसल्यामुळं वगळले आहेत. खाली सहीसाठी माझं नाव.

"सही कर. लेखात दुसरं नाव तुझं घालतो. तुझ्यासारख्या मुलीला अशी संधी पुन्हा मिळायची नाही."

"नमुन्यांचा दर्जा चांगला आहे, सर. मी स्वतः तपासलाय. निकाल तुमच्या लेखाला सोयीचा नाही, एवढंच."

"तू मला शिकवणार?"

"क्रमांक एक मी आहे. तो बदल माझ्यात आहे. मला आजवर एकही फिट आलेली नाही. एका बाईला ह्या कागदावरून घराबाहेर काढलंय. मी सही करणार नाही."

माझा आवाज थरथरत होता. असू दे. थरथरत का होईना, निघाला.

सर खुर्चीत मागं टेकले. "तुम्हा लोकांना डोक्यावर घेतलं की असंच होतं."

"लोकांना म्हणू नका. मी एकटी आलेय. मला म्हणा."

मी कागद तिथंच ठेवला आणि बाहेर आले. त्याच दिवशी सगळा प्रकार संस्थेच्या नीतिसमितीकडं लिहून दिला, तारीखवार. सरांनी मला प्रकल्पातून काढलं. मुदत संपल्यावर नेमणूक पुढं चालू केली नाही. शिफारसपत्र मागितलं, दिलं नाही. जे माझ्याबरोबर जेवायला बसायचे ते जेवणाची वेळ बदलून बसायला लागले.

समितीनं बोलावलं. आश्चर्य म्हणजे बैठकीत न हसलेल्या त्या पाहुण्या बाई तिथं होत्या. त्यांनी सरांना एकच विचारलं, "नमुने वाईट होते, हे तुम्ही तपासून ठरवलंत की गाव वाचून?" शेवटी समितीनं रूपालीचा अहवाल बदलायला लावला. 'निर्दोष' असं लिहिलं नाहीच. 'अर्थ अनिश्चित' एवढंच लिहिलं. सरांना ताकीद मिळाली म्हणतात. खुर्ची तीच आहे.

बदललेला अहवाल हातात पडल्यावर रूपालीनं मला फोन करून कोडोलीला बोलावून घेतलं. मी वाचून दाखवला.

"म्हंजे माझ्यामुळं न्हाय?"

"तुमच्यामुळं आहे असं म्हणायला काही आधार नाही. हाच बदल माझ्यातही आहे."

"तुमच्यात बी?" तिनं मला खालीवर बघितलं. मग पोरीकडं बघितलं. "मग हिला कशानं होतंय?"

"माहीत नाही. अहवाल लिहिणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. कारण सापडलं असं समजून त्यांनी शोधायचंच थांबवलं. आता पुन्हा शोधायला लावू."

अंगणात पोरगी शेळीच्या पिल्लामागं पळत होती. रूपाली तिच्याकडं बघत म्हणाली, "आत्याचा सकाळीच फोन आलता. कागद बदलला कळलं म्हणं, ये परत. मी न्हाय जायची ताई. मला आधी बी ठावं हुतं मी कशी हाय ते. त्यास्नी कागद लागला."

मी तिला समजवायला गेले नाही. समजवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पुढं वर्षभर मी शाहूपुरीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत नोकरी केली. आता दुसऱ्या विद्यापीठात पीएच.डी.ला आहे. मुलाखतीत विचारलं, आधीचं का सोडलं. सगळं सांगितलं. नावासकट. एकाला ते आवडलं नाही, बाकी दोघांनी मला घेतलं.

मधल्या काळात सरांचा लेख छापून आला; समितीनं तो थांबवला नव्हता. माझ्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी नाव घालून, आमच्या नमुन्यांचा उल्लेखही न करता. जगभरातले डॉक्टर आता तो वाचणार. कुठल्या तरी गावात दुसऱ्या एखाद्या बाईच्या हातात 'आईकडून आलेला' असा कागद पडणार. मी संपादकांना आक्षेपाचं पत्र पाठवलं. पोच आली, उत्तर आलं नाही. दुसरं पाठवलं. माझे मार्गदर्शक म्हणाले, तुझं करिअर अजून उभं राहायचंय, जपून. मी त्यांना सांगितलं, जपूनच लिहितेय, एकेक आकडा तपासून.

तिसरं पत्र आज गेलं. लेख मागं घेतला जाईपर्यंत मी हे थांबवणार नाही.