वर न आलेलं निकेल

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. बिहारमधल्या एका खाणीतून तांबं आणि निकेल असलेल्या, फोडून भुकटी केलेल्या खनिजाची पोती आली आणि त्यांनी माझे तीन महिने खाल्ले.

काम सांगायला सोपं. दगड पिठासारखा दळायचा, पाण्यात कालवायचा, रसायन टाकून हवा सोडायची. धातूचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, माती तळाशी राहते. मग वरचा फेस पट्टीने ओढून घ्यायचा.

तांबं येत होतं. निकेल पहिल्या आठवड्यात बरं आलं, मग दर चाचणीत कमीच. रसायन वाढवलं, दळण बारीक केलं, पाणी बदललं. काही नाही. साहेब म्हणायचे, "अगं, तुझाच हात चुकतोय. फेस नीट ओढ." घाटकोपरला घरी पोचले की आई नाक दाबायची. त्या रसायनाचा, सडक्या कोबीसारखा वास येतो म्हणे.

दळणयंत्रावर मालवणचे एक काका होते, गिरणी बंद पडल्यावर आमच्याकडे लागलेले. एका दुपारी पोत्याच्या तळाशी सापडलेला मुठीएवढा दगड त्यांनी फोडला आणि मला हाक मारली.

"बाय, हय बघ. आतून पितळेसारखो चकाकता, नि पोत्यातली ही भुकटी काळी पडली हा. माल गंजलो."

मी कपाळावर हात मारला. दमट गोदामात या खनिजातल्या निकेलच्या कणांवर लवकर गंज चढतो, मग बुडबुडा त्यांना धरत नाही. हे मी पुस्तकात वाचून पास झाले होते!

पोत्यांच्या तळाशी असे आणखी दगड सापडले, ते फोडून लगेच चाचणी घेतली. दुसऱ्या दिवशी आकडे आले. निकेल वर आलं होतं, पहिल्या आठवड्यापेक्षाही जास्त. कागद घेऊन मी साहेबांकडे धावले.

"तू परवा सही केलेला रिपोर्ट कालच पोस्टात पडला," ते म्हणाले.

"मग तार करू या ना, सर. ताजा माल मागवू."

"आणि काय सांगू? तीन महिने गंजलेला माल दळला? आपली वाट लागेल."

मी भांडले, आवाज चढवून. त्यांनी फाइल बंद करून कपाटात ठेवली. शेवटी मीच खाणीच्या इंजिनिअरला पत्र लिहिलं. महिन्याभराने उत्तर आलं: आभारी आहोत, पण निर्णय झाला. फक्त तांबं काढणार, निकेल मातीबरोबर टाकणार. सोबत आमच्या अहवालाचं शेवटचं पान होतं. 'या पद्धतीने निकेल मिळत नाही.' खाली सही माझी.

"काय म्हणतत?" काकांनी विचारलं. मी सांगितलं. ते पुढच्या पोत्याची शिवण उसवायला बसले.